भिंती राखल्या, किनारा गेला

मलाक्काहून क्वालालंपूरला परतताना बसमध्ये माझ्या पिशवीतली बाटली फसफसली. झाकण सैल होतं. आत चिंचालोक होतं: ताजा जवळा, मीठ आणि मूठभर शिजवलेला भात एकत्र कालवून बंद बाटलीत तीन-चार दिवस आंबवलं, की गुलाबीसर, पातळ, थेट नाकात जाणारं हे तोंडीलावणं तयार होतं. दोन मिनिटांत वास बसभर झाला. पुढच्या सीटवरच्या दोघा तरुण प्रवाशांनी नाकाला रुमाल लावले. पलीकडच्या माकचिक (मलेशियात मावशीच्या वयाच्या मलाय बाईला हेच म्हणायचं) मात्र वळून म्हणाल्या, "कुठून घेतलंस?" मी सांगितलं, उजोंग पासिरच्या पोर्तुगीज वस्तीतून. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि छोटे कांदे किती बारीक चिरायचे, मिरची किती घालायची, लिंबू खाताना पिळायचं की आधी, याची शिकवणी तिथेच सुरू केली.

वास मला नवा नव्हता. कोकणातल्या कुठल्याही मासळीबाजारात सुक्या जवळ्याच्या ढिगाशेजारी उभं राहिलं की जो वास येतो, त्याचाच हा ओला, आंबट भाऊ. मलाय लोक ज्याला गेरागाऊ म्हणतात आणि पोर्तुगीज वस्तीतले ग्रागो म्हणतात, तो आपल्या जवळ्याच्याच कुळातला. आपण तो वाळवतो, ते आंबवतात. नाहीतर मीठ लावून वाळवतात, कुटतात, पुन्हा वाळवतात आणि त्याच्या वड्या थापतात. त्याचं नाव बलाचान. गोव्यातल्या बालचांवचं नाव या बलाचानवरून आलं असं मानतात, आणि ते सहज पटतं. पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. त्यानंतरची १३० वर्षं हे बंदर गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होतं. एवढ्या काळात एक शब्द आणि एक बरणी गलबतात चढली नसती तरच नवल. दोदोल तर नावासकट दोन्हीकडे आहे: नारळाचा रस, तांदळाचं पीठ, माडाचा गूळ, आणि घोटून घोटून भरून आलेला हात.

या बाटलीपायी मला एक वाद घालायचा आहे. मलाक्का हे जागतिक वारशाचं शहर आहे. ७ जुलै २००८ रोजी पेनांगच्या जॉर्जटाउनबरोबर त्याचं नाव युनेस्कोच्या यादीत गेलं. शहराने तो मान जिवापाड जपला आहे, पण जपलं आहे ते चुकीचं टोक. बंदराच्या शहरात वारसा म्हणून जर काही एकच गोष्ट राखायची असेल, तर ती त्याचा किनारा आणि त्या किनाऱ्यावर पोट भरणारी माणसं. मलाक्काने भिंती राखल्या आणि किनारा भरावाखाली घातला.

भिंतींपासूनच सुरुवात करू. शहराच्या चौकात सगळं लाल आहे. १६५० च्या सुमाराचं डच गव्हर्नरांचं स्टाडहाउस लाल, १७५३ साली पुरं झालेलं क्राइस्ट चर्च लाल, घड्याळाचा मनोरा लाल. गाइड त्याला 'डच लाल' म्हणतात, चुंबकांवर आणि टी-शर्टांवर तोच रंग असतो. गंमत अशी की डचांच्या वेळी स्टाडहाउस आणि चर्च पांढरं होतं. लाल रंग चढला तो इंग्रजांच्या काळात, १९११ च्या आसपास. म्हणजे आज ज्या रंगाची एवढी काळजी घेतली जाते, तो या डच इमारतींहून दीडशे ते अडीचशे वर्षांनी लहान आहे. माझी त्याला हरकत नाही. शहरं रंग बदलतात. फक्त 'अस्सल' हा शब्द कुणी फार जोरात उच्चारला की मला हा रंग आठवतो.

चौकात सायकलरिक्षांची रांग असते. प्लास्टिकच्या फुलांनी मढवलेल्या, डोक्यावर कापसाची मोठी मांजर किंवा कार्टूनमधला कुणी पिवळा प्राणी, संध्याकाळ झाली की दिव्यांची लुकलुक, आणि सीटखालच्या स्पीकरवर कानठळ्या बसवणारं गाणं. आपल्याकडच्या वरातीतल्या डीजेची सवय असलेल्या माणसाला ते फारसं जाचत नाही. मला त्या रिक्षावाल्याचा रागही येत नाही, पाहुण्याला जे हवं ते तो देतो. नदी ओलांडली की जोंकर स्ट्रीट. शुक्रवार, शनिवार, रविवार संध्याकाळी तिथे रात्रबाजार भरतो, आणि एकदा गर्दीत शिरलात की पाय आपोआप पुढे सरकतात, थांबायची मुभा नसते. चिकन राइसचे गोळे, काड्यांना लावलेलं काहीबाही, चेन्डोल या नारळाच्या रसातल्या गारेगार गोड पदार्थाचे पेले. चेन्डोलवर ओततात तो गुला मलाका, म्हणजे इथल्या नावाचा माडाचा काळसर गूळ, अजूनही जीव सुखावून जातो. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, नाहीतर सगळं खोटं आहे असं माझं म्हणणं आहे असा समज व्हायचा.

मात्र हे जेवण तयार कसं झालं ते पाहा. मलाक्काचं राज्य साधारण १४०० च्या सुमारास परमेश्वर नावाच्या राजाने वसवलं. जागा अशी, की हिंदी महासागराकडून येणारी गलबतं एका मोसमी वाऱ्यावर येत आणि चीनकडची दुसऱ्या. आलेल्या व्यापाऱ्याला परतीचा वारा सुटेपर्यंत महिनोन्महिने थांबण्यावाचून गत्यंतर नसे. बंदरावर चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, होते आणि त्यातला एक फक्त गुजरात्यांसाठी, इतका त्यांचा राबता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे राहिलेल्या तोमे पिरेश या पोर्तुगीजाने बंदरात ८४ भाषा ऐकू येतात असं लिहून ठेवलं आहे. थांबलेल्या माणसांनी घरं केली, स्थानिक बायकांशी लग्नं केली. त्या घरांतल्या चुलींवर चिनी-मलाय वंशाच्या न्योन्यांचं जेवण जन्मलं, चिट्टींचं जन्मलं, पुढे पोर्तुगीज आल्यावर त्यांच्या वंशातल्या क्रिस्तांग लोकांचं. पाहुणा थांबला म्हणून ही चव झाली. आजचा पाहुणा सकाळी बसने येतो आणि बहुतेकदा अंधार पडायच्या आत फोटो काढून निघतो. त्याच्यासाठी जेवण तयार करता येतं, त्याच्यामुळे नवं जेवण जन्मत नाही.

चिट्टी ही मंडळी मराठी वाचकाला मुद्दाम सांगावीत अशी. सुलतानांच्या काळात आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांचे हे वंशज. घरात मलाय बोलतात, बायका सारोंग-कबाया नेसतात, धर्माने शैव हिंदू. जोंकर स्ट्रीटला समांतर असलेल्या सोनारगल्लीत, जालान तुकांग एमासवर, त्यांनी १७८१ साली बांधलेलं विनायकाचं देऊळ आहे. जागा डचांनी दिलेली. त्याच रस्त्यावर थोडं पुढे १७४८ ची मशीद आणि त्याच्याही पुढे चिनी मंदिर. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे भोगी असते. चिट्टींकडेही असते, आणि त्या दिवशी ते केळीच्या पानावर पूर्वजांना आवडणारे पदार्थ वाढून ठेवतात. आपल्या भोगीची भाजी आणि पितृपक्षातलं पान एकत्र आल्यासारखं. त्या पानावर मासळी असते, सांबल म्हणजे मिरचीची चटणी असते, आणि सांबलात बलाचान. म्हणजे पुन्हा समुद्र.

आता तो समुद्र शोधायला निघा. सांतियागो दरवाजा, जुन्या पोर्तुगीज किल्ल्याचा अजून उभा असलेला अवशेष, कधीकाळी पाण्याच्या काठाशी होता. आज दरवाज्यासमोर पडांग, म्हणजे मैदान, आहे. याच पडांगवर २० फेब्रुवारी १९५६ ला पुढे देशाचे पहिले पंतप्रधान झालेल्या टुंकू अब्दुल रहमान यांनी स्वातंत्र्याची तारीख जाहीर केली. आता त्याच्या पोटात मॉल आहे आणि मॉलच्या पलीकडे आणखी मॉल, हॉटेलं, दुकानगाळे. हीरेन स्ट्रीटवरची बाबा-न्योन्यांची लांबोडकी घरं घ्या. समुद्राकडच्या रांगेतल्या घरांची मागची दारं पाण्यावर उघडत. ती दारं अजून आहेत, मागे आता रस्ता आणि इमारती आहेत. अजून पुढे गेलात की पुलावरून पुलाव मलाकावर येता. हे बेटच मानवनिर्मित. टोकाला २००६ ची मशीद आहे, भरतीला पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते, सूर्यास्ताला फोटोवाल्यांची झुंबड. त्याच बेटावर दुकानगाळ्यांच्या रांगाच्या रांगा वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या, त्यांचा फोटो कुणी काढत नाही.

आणि पूर्वेकडे उजोंग पासिरला पोर्तुगीज वस्ती. १९३० च्या दशकात गरीब क्रिस्तांग कुटुंबांसाठी समुद्रालगतच्या दलदलीवर ती वसवली गेली. रस्त्यांना नावं अल्बुकर्क, सेकेरा, तेशेरा यांची. इथले मच्छीमार दोन लांब बांबू कैचीसारखे बांधून त्यात जाळं ताणतात आणि कमरेएवढ्या पाण्यात ते रेटत चालतात. त्या जाळ्यात ग्रागो येतो. इतरांनी या लोकांना चिडवायलाही 'ग्रागो'च म्हणायचं, जवळाखाऊ अशा अर्थाने. जूनच्या अखेरीस सान पेद्रोचा सण, होड्या सजवायच्या, पाद्रीबाबांनी त्यांच्यावर पाणी शिंपडायचं. त्याच दिवशी, २९ जूनला, गोव्यातल्या बार्देशातले मच्छीमार होड्या जोडून सांगोड काढतात. पेद्रो एकच. फरक एवढा, की मलाक्काच्या पेद्रोसमोर आता उथळ गाळ पसरला आहे. भराव आला तसा प्रवाह बदलला, गाळ साठला, पकड घटली, हे तिथले मच्छीमार कित्येक वर्षं सांगत आहेत. २०१४ साली 'मलाका गेटवे' नावाचा प्रचंड प्रकल्प जाहीर झाला: कृत्रिम बेटं, क्रूझ धक्का, बंदर, हॉटेलं, ४० अब्ज रिंगिटची भाषा. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला, पुढे तो पुन्हा उकरून काढण्यात आला. समुद्रात टाकलेले दगड मात्र कुठल्याही निर्णयाने परत वर आले नाहीत.

हे का होतं? मलेशियाच्या राज्यघटनेत जमीन हा राज्यांचा विषय आहे आणि राज्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग जमिनीतून येतो. मलाक्का राज्य सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या जेमतेम एक-तृतीयांश. अशा राज्याला नवी जमीन हवी असेल तर ती समुद्रातच. तिथे शेतकरी नाही, सातबारा नाही, भूसंपादनाची कटकट नाही. जाळं रेटणाऱ्या माणसाच्या नावावर पाणी नसतं. त्यामुळे मोबदल्याचा प्रश्नच उद्भवत नाही, फार तर 'अनुकंपा' म्हणून काही रक्कम. यात कुणाचा दुष्टपणा शोधायची गरज नाही, हिशेबच असा मांडला आहे की समुद्राची किंमत शून्य धरली जाते.

वारशाच्या यादीने इथे मदत करायला हवी होती. यादीत मलाक्काचा जो गाभा आहे तो ४५.३ हेक्टरचा: टेकडी, लाल चौक, जोंकर आणि हीरेनच्या गल्ल्या. पोर्तुगीज वस्ती त्यात नाही, जवळ्याचं पाणी तर नाहीच. आणि ज्या कारणांसाठी ही दोन शहरं यादीत गेली, त्यात एक ठळक कारण असं, की आशियातल्या अनेक संस्कृतींच्या सहवासाची ती 'जिवंत' साक्ष आहेत. साक्ष जिवंत हवी तर साक्षीदारानेही जगायला नको का? मलेशियाचा २००५ चा राष्ट्रीय वारसा कायदा पदार्थांनाही वारसा मानतो आणि तशी यादीही झाली आहे. म्हणजे कागदावर बशीतला पदार्थ राष्ट्राचा ठेवा, आणि तो ज्या पाण्यातून आला ते पाणी भरावासाठी मोकळं. आंबा राष्ट्रीय फळ म्हणून मिरवायचा आणि कलमं तोडायची, तशातला प्रकार.

आतल्या गल्ल्यांची गोष्ट वेगळी आहे, पण शेवट सारखा. १९४८ च्या आधीच्या इमारतींना तिथे भाडेनियंत्रण होतं. १९९७ साली ते उठवायचा कायदा झाला आणि १ जानेवारी २००० पासून भाडं बाजाराच्या हाती गेलं. (आपला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा त्याच वर्षी मार्चमध्ये लागू झाला, तो मात्र जुन्या भाडेकरूंना धरून राहिला.) पागडीच्या चाळीत वाढलेला माणूस म्हणून मला दोन्ही बाजू माहीत आहेत. गोठवलेल्या भाड्यात मालक छप्पर दुरुस्त करत नाही, एक दिवस ते डोक्यावर येतं. पण एका रात्रीत सोडलेल्या भाड्यात तांबट, शवपेट्या बनवणारा, पानाची टोपली विणणारी म्हातारी आधी जाते आणि तिच्या जागी तिचाच फोटो भिंतीवर लावलेलं कॅफे येतं. वारशाच्या नियमांनी दर्शनी खिडकीची फळी कुठल्या लाकडाची हवी ते सांगितलं, आत कोण राहणार यावर ते गप्प राहिले.

माझ्या विरुद्ध बोलायला बरंच आहे. क्वालालंपूरमधल्या एका मराठी मित्राने ते माझ्यासमोर मांडलं आणि त्याचं सगळंच मला खोडता आलं नाही. पहिली गोष्ट, भराव नवा नाही. मुंबईचा मोठा भाग भरावावर उभा आहे आणि त्याच भरावावरच्या घरात बसून दुसऱ्याच्या किनाऱ्यासाठी गळा काढणं सोपं आहे. खरं आहे. पण मुंबईच्या कोळीवाड्यांचं त्यात काय झालं हेही आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तर बोलायचं. दुसरी गोष्ट, पर्यटन आलं नसतं तर जोंकरची निम्मी घरं कोसळली असती आणि शहरामधली नदी गटार राहिली असती. हेही मान्य. आज त्या नदीकाठी संध्याकाळी चालताना छान वाटतं आणि तो पैसा पर्यटकांचाच. तिसरी गोष्ट, आणि हीच खरी बोचरी: मच्छीमाराच्या मुलालाच समुद्रात जायचं नाही. त्याला सिंगापूरला नोकरी हवी आहे. तुझ्या चिंचालोकसाठी त्याने चिखलात का उभं राहायचं?

त्याने उभं राहू नये, त्याला हवं ते करावं. जाणाऱ्याला अडवायचा अधिकार मलाही नाही आणि युनेस्कोलाही नाही. पण ज्याला राहायचं आहे त्याच्या पायाखालचं पाणी काढून घ्यायचं आणि मग 'बघा, यांनाच मासेमारी नको आहे' असं म्हणायचं, हा युक्तिवाद मी वरळीलाही ऐकला आहे. तिथे सागरी किनारा मार्गाच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं. त्यातून होड्या सुखरूप जाणार नाहीत म्हणून कोळी अडून बसले. कंटाळून समुद्र सोडणारी माणसं अशी भांडत नाहीत. शेवटी ते अंतर १२० मीटर झालं. पूर्ण न्याय झाला असं मी म्हणणार नाही, पण खांब कुठे रोवायचा या प्रश्नात मच्छीमाराचं म्हणणं मोजलं गेलं, आणि पूल त्यामुळे पडला नाही.

मलाक्कात एवढं तरी व्हावं. वारशाची हद्द टेकडीपाशी न थांबवता पोर्तुगीज वस्तीच्या ओहोटीच्या रेषेपर्यंत न्यावी, आणि ग्रागो येतो त्या पाण्यात भरावाला सरळ बंदी असावी. मालकाला दुरुस्तीसाठी पैसे द्यावेत आणि त्या बदल्यात जुन्या कारागिराचं, जुन्या खानावळीचं भाडं ठरावीक वर्षं बांधून घ्यावं. कारण मालकावर सगळा बोजा टाकला की काय होतं ते गिरगावात दिसतं. यातून राज्याचं उत्पन्न थोडं घटेल. घटू दे. लोक या शहरात भरावावरची हॉटेलं बघायला येत नाहीत, तसली हॉटेलं त्यांच्या गावातही असतात.

वस्तीतल्या ज्या घरातून मी बाटली घेतली, तिथे ओटीवर एक आंटी बसल्या होत्या. पुढ्यात परात, परातीत ओला गेरागाऊ, आणि त्यातला कचरा, बारके खेकडे, गवताची पाती त्या बोटांनी वेचत होत्या. बोलताना नजर वर येत नव्हती, बोटं थांबत नव्हती. दुपारची वेळ, समोर ओहोटी, दूरवर करडा चिखल, आणि त्याच्याही पलीकडे भरावाची सरळ, पट्टीने आखल्यासारखी कड. मी सहज विचारलं, हा ग्रागो इथलाच ना? आंटींनी समोरच्या समुद्राकडे बघितलंही नाही. हात किनाऱ्याला समांतर, दूर कुठेतरी दाखवला. तिकडून येतो, म्हणाल्या, गाडीने. इथे मिळतो कधीकधी. मग बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, रबर लावलं आणि बजावलं की झाकण घट्ट करू नकोस, अजून जिवंत आहे, फुटेल. मी केलं नाही.